आमच्या मंडळाची आयरिश निवडणूक

ओहायोतल्या डब्लिनच्या आमच्या मराठी मंडळाची मी बारा वर्षं सेक्रेटरी होते. हॉल बुक करायचा, गणपतीत साऊंडवाल्याशी भांडायचं, उरलेली भाजी कुणाच्या तरी गळ्यात मारायची, सगळं माझ्याकडे. गेल्या वर्षी मात्र मला अध्यक्ष व्हायचं होतं. अगदी लाज वाटावी इतकं मनापासून.

आमच्याकडे निवड हात वर करून होते. उमेदवार तीन: नागपूरचे ज्येष्ठ काका, पुण्याचा एक तरुण इंजिनिअर आणि मी. कुणी दुखावायला नको म्हणून लोकांनी तिघांसाठीही हात वर केले. तिघंही एकमताने निवडून आलो! सभा तहकूब करून सगळे जेवायला गेले.

शेजारच्या आजी मूळच्या आयर्लंडच्या. त्यांचे वडील तिथे एका पक्षाचे कार्यकर्ते होते. मतमोजणीला कठड्याबाहेर उभे राहून, उलगडणारी प्रत्येक मतपत्रिका टिपत ते वहीत रेघा ओढायचे आणि सरकारच्या आधी निकाल सांगायचे. आमची गंमत ऐकून आजी खो खो हसल्या. म्हणाल्या, "पूर्वी ब्रिटनमध्ये आणि आमच्याकडेही असंच होतं. कुळाने जमीनदारासमोर उमेदवाराचं नाव मोठ्याने सांगायचं. त्याच्या मर्जीबाहेर गेलं तर घरदार जायचं. म्हणून तर गुप्त मतदान आलं."

मला लगेच काका दिसले. काकूंच्या हातच्या पुरणपोळ्या खाऊन त्यांच्याविरुद्ध हात वर करायला कोण धजावणार?

"ब्रिटनच्या पार्लमेंटला आजही एकच फुली मारतात, ज्याला जास्त फुल्या तो निवडून आला," आजी पुढे म्हणाल्या. "आम्ही वेगळे झालो आणि आकडे घालायला लागलो. आवडीप्रमाणे एक, दोन, तीन. जागा एकच असली आणि कुणालाच निम्म्याहून जास्त मतं नसली, तर शेवटचा बाद आणि त्याच्या मतपत्रिका दोन नंबरवाल्यांना. दुसरी पसंती मागायला बाबा विरोधकांच्या घरीही चहाला जायचे."

मी त्याच आठवड्यात मतपत्रिका छापून आणल्या. मग फोनवर फोन. "ताई, काकांना एक द्यावाच लागेल यार, पण दोन तुम्हालाच, प्रॉमिस!" इंजिनिअरच्या गोटातलेही तेच म्हणाले. सगळ्यांचे दोन माझे, मी हवेतच होते.

मोजणीला आम्ही आजींनाच बसवलं. काकांना सोळा, इंजिनिअरला तेरा, मला बारा. पहिल्याच फेरीत मी बाद! माझे ते सगळे दोन कुणी वाचलेसुद्धा नाहीत. माझ्या मतपत्रिका वाटल्या गेल्या आणि इंजिनिअर जिंकला. मी हार त्याच्या गळ्यात घातला. हारही मीच आणला होता.

परतताना नवरा ड्राइव्ह करत होता. तो म्हणाला, "इंजिनिअरचं एक मत तुला पडलं असतं, तर तो बाद झाला असता आणि त्याचे सगळे दोन तुझे झाले असते."

मागच्या सीटवरून आजींनी विचारलं, "तुझं स्वतःचं एक कुणाला?"

"इंजिनिअरला," मी म्हटलं. "मला मी दोन दिलं. स्वतःलाच एक कसं देणार? बरं दिसतं का ते?"



"बाबांनी आयुष्यभर मोजण्या पाहिल्या," आजी म्हणाल्या, "पण स्वतःला पाडणारा उमेदवार त्यांना कधी भेटला नाही."

मी खूप हसले. घर येईपर्यंत थोडी रडलेही. अध्यक्ष व्हायचं होतं ना मला.