मास्तर काळी एकमध्येच गायचे

हॅलो हा माझा सख्खा धाकटा भाऊ. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे मागाहून कुणी म्हणायला नको की लपवलं. लपवायचं काय त्यात? छाती काढून सांगतो. मी सातवीपर्यंत शिकलो, तो नववीपर्यंत, म्हणजे घरातला विद्वान तोच. आणि कानाचं म्हणाल तर असा कान अख्ख्या गावात दुसरा नाही. चालता पंखा नुसता ऐकून सांगतो, बेअरिंग गेलंय की कंडेन्सर.

हॅलो हे काही आईबापाने ठेवलेलं नाव नव्हे. अठराव्या वर्षापासून तो लाउडस्पीकर लावतोय, आणि कार्यक्रमाआधी माइकसमोर उभा राहून "हॅलो, हॅलो" करतो. लोकांना त्याचं तेवढंच बोलणं ठाऊक. आता तर त्याच्या सासुरवाडीचेसुद्धा "हॅलोराव, चहा घेणार का" म्हणतात.

मास्तर म्हणजे आमच्या गावचे गवई. गायचे आणि गळ्यात अॅकॉर्डियन अडकवून स्वतःच वाजवायचे. बावीस वर्षं त्यांचा माइक हॅलोच्या हातात. मास्तरांनी स्टेजवरून नुसती भुवई उडवायचा अवकाश, इकडे हॅलोचं बोट बटणावर. मास्तर गेले त्याला आता चौदा वर्षं झाली. तेव्हापासून त्यांच्या चाहत्यांचं मंडळ दरवर्षी हॉलमध्ये आठवणींची संध्याकाळ करतं. स्टेजवर काचेच्या पेटीत मास्तरांचं अॅकॉर्डियन मांडतात, चार जण भाषणं झोडतात, आणि शेवटी मास्तरांच्या शेवटच्या कार्यक्रमाची कॅसेट लावतात. बाकीच्या सगळ्या कॅसेटी ओल लागून गेल्या, तेवढी एकच धड राहिलेली. ती सुरू झाली की लोक डोळे मिटतात, रुमाल काढतात.

ती कॅसेट भरली कुणी? हॅलोने. दरवर्षी लावतो कोण? हॅलो. आणि त्याची खुर्ची कुठे? स्टेजमागच्या जिन्यात, झाडूच्या शेजारी! पत्रिकेत फुलवाल्याचं नाव असतं, ह्याचं नाही. मी दरवर्षी भांडायला निघायचो. तो हात धरायचा. "दादा, जाऊ दे ना. मी दिसायचं थोडंच असतं, ऐकू आलं की झालं."

यंदा कार्यक्रमाच्या आधी मास्तरांच्या पत्नी, म्हणजे आम्हा सगळ्यांच्या वहिनी, रेडिओ घेऊन हॅलोच्या दुकानात आल्या. दुकान म्हणजे जिन्याखालची खोली. एक टेबल, दोन स्टुलं आणि भिंतभर वायरी. वहिनी मंडळाच्या कार्यक्रमाला पहिली दोन वर्षं आल्या आणि मग यायच्या थांबल्या. मंडळातले म्हणायचे, बाईंना तोरा आहे.

रेडिओ उघडता उघडता हॅलोने विचारलं, "वहिनी, तुम्ही येत का नाही?"

"येऊन काय ऐकू?" वहिनी म्हणाल्या. "त्या कॅसेटमध्ये कोण गातो देव जाणे. बरा गातो, पण आमचे हे नाहीत ते. ह्यांचा आवाज मला ठाऊक नाही का? आवाज विसरेन की काय, अशी भीती वाटायला लागली मला. म्हणून येत नाही."

हॅलोच्या हातातला स्क्रूड्रायव्हर तिथेच थांबला. कारण वहिनींचं खरं होतं, आणि ते जगात फक्त त्याला ठाऊक होतं.

झालं होतं असं. त्या शेवटच्या कार्यक्रमात वीज गेली. हॅलोने टेपरेकॉर्डर सेलवर चालवला. सेल निघाले अर्धमेले. नवे सेल खिशात होते, पण बदलायचे तर टेप थांबवावा लागणार, आणि मास्तर तर ऐन रंगात. ह्याने नाही थांबवला. टेप भरताना हळू फिरला, म्हणून वाजवताना भरभर वाजतो आणि आवाज वर चढतो. मास्तर काळी एकमध्ये, म्हणजे पहिल्या काळ्या पट्टीच्या सुरात गायचे, कॅसेटमध्ये ते पांढरी दोनमध्ये गातात. अर्धा सूर वर. पहिल्या वर्षी हॅलो सांगणार होता, तर समोर सगळा हॉल रडत होता. दुसऱ्या वर्षी लाज वाटली. मग काय, वर्षांवर वर्षं.

"वहिनी, यंदा या," तो म्हणाला. "यंदा त्यांचाच आवाज लावतो."

"नक्की?"

"शब्द देतो."

मला हे कळल्यावर मी त्याला झापला. "तुला कुणी विचारलंय का? चौदा वर्षं ज्याच्यावर लोक माना डोलावतायत ते तुझ्या सेलमुळे बिघडलंय, हे तू स्वतःच्या तोंडाने सांगणार?"

"वहिनी पहिल्या रांगेत बसणार आहेत, दादा," एवढंच म्हणाला. तो असा बोलला की पुढे बोलण्यात अर्थ नसतो. आमच्या घराण्याचा गुण आहे.

त्या संध्याकाळी वहिनी खरंच पहिल्या रांगेत बसल्या. कॅसेटची वेळ झाली आणि हॅलो जिन्यातून उठून स्टेजवर आला. हातात स्क्रूड्रायव्हर. सवयीने माइकमध्ये म्हणाला, "हॅलो, हॅलो," आणि लोक हसले. मग त्याने सेलची गोष्ट सांगितली, एक शब्द न गाळता. कुणी हसलं नाही.

मंडळाचे अध्यक्ष म्हणजे चौकातले चष्मेवाले. ते उठले. "काहीतरीच काय! आम्हाला मास्तरांचा आवाज कळत नाही?"

"आत्ता कळेल," हॅलो म्हणाला. त्याने कॅसेट लावली, काचेची पेटी उघडली आणि अॅकॉर्डियन गळ्यात घातलं. हॉलभर "अरे अरे" झालं, जशी काय ह्याने चोरीच केली. मास्तर ज्या सुरावर गाणं उचलायचे ती काळी एक, बोटाने घासून घासून पांढुरकी झालेली. हॅलोने ती दाबली. कॅसेटमधले मास्तर एकीकडे, त्यांचंच अॅकॉर्डियन दुसरीकडे. कानात खडा जावा तसं वाजलं. बहिऱ्यालाही कळलं असतं.

अध्यक्ष काय म्हणाले असतील? म्हणाले, "अॅकॉर्डियन उतरलंय. जुनं झालं ना."

अहो, दर महिन्याला पुसून, फडक्यात गुंडाळून, जिवापाड जपलेलं ते अॅकॉर्डियन उतरलं, आणि अर्धमेल्या सेलवरची कॅसेट खरी! मी मागून ओरडलो, "चष्मे विका तुम्ही!"

मंडळात एक प्रति-मास्तर आहे. कॅसेट ऐकून ऐकून मास्तरांसारखा गातो, गळ्याच्या शिरा फुगेपर्यंत वर चढतो. तो तर रडकुंडीला आला. "मग मी एवढी वर्षं कुणासारखा गातोय?"

"फक्त अर्धा फेरा द्यायचाय," हॅलो म्हणाला. मोटरच्या मागे बारीक भोक असतं, आत स्क्रू असतो, तो फिरवला की टेप हळू होतो. तो खाली वाकला. तेवढ्यात मागून एक बाई म्हणाल्या, "नको हो. आमचे मास्तर असू देत तसेच." टाळ्या पडल्या. टाळ्या! आणि कुणीतरी प्लग उपटला.

"तुम्ही मास्तरांना खाली ओढताय," अध्यक्ष म्हणाले. चार जणांनी हॅलोच्या गळ्यातून अॅकॉर्डियन काढून घेतलं, आणि ज्याने बावीस वर्षं मास्तरांचा आवाज लोकांच्या कानात घातला, त्याला दंडाला धरून जिना दाखवला. वहिनी उठून उभ्या होत्या. त्यांच्याकडे त्याला बघवेना. शब्द दिलेला होता आणि आवाज लागला नव्हता.

घरी येताना मी मंडळाच्या सात पिढ्या उद्धरल्या. तो आपला टेप आणि आतली कॅसेट काखेत धरून चालत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याच्याआधी दुकानावर गेलो, म्हटलं एकटा कुढत बसेल. बघतो तर वहिनी पायरीवर बसलेल्या, मांडीवर पर्स.

"काल राहिलं ते," त्या म्हणाल्या.

हॅलो आला, त्याने वहिनींना बघितलं, शटर वर केलं. टेप उघडला, स्क्रूला अर्धा फेरा दिला, मग केसभर मागे घेतला, परत कान लावला. अॅकॉर्डियन नव्हतं, नुसत्या आठवणीवर. मी सांगितलं ना, असा कान नाही.

आवाज लागला. जाड, जरा दमलेला, वय झालेल्या माणसाचा. वहिनींनी हात पर्सवर घट्ट धरले आणि तशाच बसून राहिल्या.

गाणं अर्ध्यावर असताना मंडळाचा चिटणीस पत्र घेऊन आला. पुढल्या वर्षापासून हॅलोने येऊ नये, असं त्यात होतं. चौदा वर्षं पहिल्या रांगेत रुमाल भिजवणारा हा माणूस! दारात उभा राहून म्हणाला, "सकाळी सकाळी कुणाला लावलंय हे? आवाज कमी करा जरा, सही हवीय."

माझ्या जिभेवर काय काय आलं होतं! पण हॅलोने माझ्याकडे बघितलं, आणि मी गिळलं. त्याने पत्रावर सही करून दिली. चिटणीस गेला.

कॅसेट खट् करून थांबली. वहिनींनी पदराने नाक पुसलं.

"दुसरी बाजू लाव," त्या म्हणाल्या.