आईची मांजर, माझा बोका

आई माझ्याकडे राहायला आली ती मांजरासकट. मुलुंडची चाळ पाडायला घेतली, शेजारीपाजारी पांगले, आणि एका हातात कपड्यांची पिशवी, दुसऱ्या हातात फडकं बांधलेली टोपली घेऊन आई माझ्या बोरिवलीच्या चौथ्या मजल्यावर हजर झाली. टोपलीत तिची करडी मांजर. दारातच आईने सांगून टाकलं, "ही रवली तर मी रवतलंय. नायतर माका गावाक सोड."

गावाला म्हणजे कोकणातल्या आमच्या बंद घरात, शहात्तराव्या वर्षी, एकटी. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू. तिथे ती पाय घसरून पडली तर दुसऱ्या दिवशीपर्यंत कुणाला कळलंही नसतं. त्यामुळे मांजर राहणं भागच होतं. प्रश्न होता माझ्या बोक्याचा. सहा वर्षं आम्ही दोघंच. त्याने माझ्या सोफ्याची पार वाट लावली होती आणि मला तो आपली भाडेकरू समजायचा.

मी मुळात भित्री. पण माझी भीती बाहेर पडते ती आरडाओरडा होऊन. लोकांना वाटतं, बाई तापट आहे. असू दे, तेही खोटं नाही.

पहिल्याच दिवशी मी मूर्खपणा केला. ओळख व्हायला नको का, म्हणून टोपली सरळ हॉलमध्ये सोडली. मांजर बाहेर आली, बोक्याने शेपूट फुलवली, आणि पुढचं काही नीट दिसलंच नाही. जमिनीवर केसांचे पुंजके उडाले. आई मध्ये पडली. मनगटापासून कोपरापर्यंत ओरखडा उठला, आणि रक्त थांबेना. मी पंचा दाबून धरला होता, तो लाल होत गेला, आणि मी किंचाळले, "तिला घेऊन आत जा, आणि दार उघडायचं नाही! अजिबात नाही!"

आई पंचा हाताला गुंडाळून, मांजर घेऊन आतल्या खोलीत गेली. दार लावलं.

प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंनी मला शांतपणे झापलं. मांजरं तोंड बघून नाही, वासानं ओळख करून घेतात, म्हणाल्या. काही दिवस मध्ये बंद दार ठेवा. हिची गोधडी त्याच्याकडे, त्याची हिच्याकडे. दाराच्या दोन्ही बाजूंना एकाच वेळी जेवण. ओरडू नका, धावू नका, अंगावर जाऊ नका. घाबरलेला जीव आपणहून जवळ येतो, फक्त वाट बघायची.

मी सगळं केलं. सकाळी ऑफिसला जायच्या आधी गोधड्या बदलायच्या, दोन बशा दाराशी लावायच्या. आईचं ताटही आतच द्यायचं, दार उगाच उघडायला नको म्हणून. बोका दाराच्या फटीशी नाक लावून गुरगुरायचा, पलीकडून फिस्कारणं यायचं. ऑफिसात कामाच्या मध्येच डोळ्यांसमोर तो लाल पंचा यायचा, आणि मी दुपारी दोनदा घरी फोन करायचे. "सगळा ठीक आसा," आई म्हणायची. आवाज अगदी हळू.

नवव्या दिवशी संध्याकाळी जिना चढताना दुसऱ्या मजल्यावरच मला खोकला आला. मिरचीचा ठसका, आणि तो माझ्याच घरातून येत होता. कुलूप उघडून मी थेट स्वयंपाकघरात गेले.

आईने मांजराची दृष्ट काढली होती. बोका कपाटावर झोपलेला बघून ती मांजर काखेत मारून स्वयंपाकघरात गेली आणि मीठ, मोहरी, सुक्या मिरच्या ओवाळून तापल्या तव्यावर टाकल्या. ठसका लागला म्हणजे दृष्ट नाहीच, हे तिनेच मला लहानपणी शिकवलेलं. धूर झाल्याबरोबर मांजर खिडकीच्या ग्रिलमधून निसटून बाहेरच्या छज्ज्यावर गेली.

आणि आई तिच्यामागे. स्टुलावरून ओट्यावर, ओट्यावरून खिडकीबाहेरच्या ग्रिलच्या पिंजऱ्यात. कुंड्या बाजूला सारून ती तिथे उकिडवी बसली होती. सळयांतून एक हात बाहेर. ग्रिल गंजलेलं होतं, कुंड्या काढा असं सोसायटीने मला दोनदा सांगितलं होतं. खाली चार मजले आणि पार्किंग.

मी गॅस बंद केला. ओरडायला तोंड उघडलं.

आईने मान न वळवता म्हटलं, "वरडू नको गो. ती पळतली."

मी ओरडले नाही. आयुष्यात कधी इतकी घाबरले नव्हते, आणि कधी इतकी गप्पही बसले नव्हते. धावत जाऊन तिला ओढावं असं वाटत होतं, पण ती दचकली असती तर? ओट्यावर तिचा सुकटीचा डबा होता. त्यातली मूठभर काढून मी हळूच तिच्या हातात दिली. "आई, मी इथे आहे. सावकाश होऊ दे," म्हटलं. माझाच आवाज मला ओळखू आला नाही.

आई जरा हलली की ग्रिल करकरायचं. मांजर एक पाऊल पुढे यायची, थांबायची. किती वेळ गेला कोण जाणे. शेवटी तिने आईच्या बोटांना नाक लावलं, आणि आईने तिला मानगुटीला धरून आत घेतलं.

"हिका आदी घे."

मी घेतली. तिने माझ्या खांद्यात नखं रुतवली. मागे वळून बघते तर बोका स्वयंपाकघराच्या दारात उभा. पण आईला आत घ्यायला मला दोन्ही हात हवे होते. मी मांजर सरळ खाली सोडली. आता मारा एकमेकांना, म्हटलं. आणि दोन्ही काखांत हात घालून आईला ओट्यावर आणि तिथून जमिनीवर उतरवलं. ती किती हलकी झाली होती.

मग वळून बघायचा धीर केला. आईला उतरवताना डबा उलटून सुकट फरशीभर सांडली होती. दोघं हातभर अंतर ठेवून खात होती. मध्येच बोका गुरगुरला, मांजरीने कान पाडले, आणि दोघांनी पुन्हा माना खाली घातल्या.

 मी हॉलमध्ये येऊन सोफ्यावर कोसळले आणि रडले. बऱ्याच वेळाने लक्षात आलं, आई माझ्यामागे आलीच नव्हती. ती स्वयंपाकघराच्या उंबरठ्याशी उभी होती, हॉलमध्ये पाऊल न टाकता, पदर सारखा करत, माझ्या चेहऱ्याकडे बघत.

"आता मी भायर बसू गो?" तिने विचारलं.