कोरड्या पंपाला आवतन

आमच्या साडूंइतका रिकाम्या जागेवर जीव टाकणारा माणूस आदिलाबाद जिल्ह्यात दुसरा नाही. पार बेज्जूरच्या जंगलापर्यंत पायपीट केलीत तरी सापडायचा नाही. कुणाला सोनं आवडतं, कुणाला शेती, कुणाला खुर्ची. साडूंना काही नसणं आवडतं. डब्यातली सगळी हवा ओढून काढली की आत जे उरतं त्याच्या सेवेत त्यांनी उभी नोकरी घालवली. हळदीची, तिखटाची पाकिटं अंगासरशी चिकटून बसलेली आपण दुकानात पाहतो. आदिलाबादजवळ मावल्याच्या एका कारखान्यात अशी पाकिटं भरत, आणि त्यातली हवा ओढणाऱ्या ड्राय व्हॅक्यूम पंपाची देखभाल साडूंकडे होती. माझ्या थोरल्या मेव्हणीशी त्यांचं लग्न झालं ते या पंपाच्या आधी, आणि मेव्हणीच्या मते तिच्या संसारात तेवढाच काळ सुखाचा गेला.

ते निवृत्त झाले त्याच सुमारास कारखान्यानं नवा पंप आणला. निरोपसमारंभात मालकानं शाल पुढे केली तर साडूंनी ती हातानं बाजूला सारली आणि शालीऐवजी जुना पंप द्या म्हणाले. मालकाला भंगारवाल्याशी घासाघीस करायचा कंटाळा असावा, त्यानं लगेच दिला. पंप ऑटोत बसून घरी आला आणि साडू मागून सायकलवर आले. बैठकीतली तिपाई हलवून तिथं त्याची स्थापना झाली. तेव्हापासून त्या घरात चहाचा कप ठेवायला जागा नाही. पंपाच्या पुढचं झाकण साडूंनी काढून टाकलं होतं, कारण आतलं दिसल्याशिवाय माणसाला त्याचं महत्त्व पटत नाही असं त्यांचं म्हणणं.

पाहुणा आला की पाण्याच्या आधी पंप. सुरुवात मोटरपासून. मोटर फिरते, कपलिंग ते फिरणं आत पोचवतं, वरच्या तोंडातून गाळणीमधून हवा येते, आणि आतल्या घरात नखांसारखे वाकडे दोन रोटर समोरासमोर उलटे फिरत ती हवा पकडून, दाबून बाहेर लोटतात. इथपर्यंत पाहुणा मान डोलावतो. मग साडू खुर्ची पुढे ओढतात आणि आवाज खाली आणतात. हे दोन रोटर एकमेकांना कधीही लागत नाहीत. घराच्या भिंतीलाही लागत नाहीत. मध्ये केसाएवढी फट. लागतच नाहीत म्हणून त्यांना तेल लागत नाही, आणि तेल नाही म्हणून हळदीच्या पाकिटाला तेलाचा वास नाही. "आपल्या दोघायसारखं हाय, साडभाऊ," ते मला म्हणायचे. "जवळ राहाचं, पन लागाचं नाही. लागलो का संपलो."

दोघांना सांभाळणारी ती मागची गिअरची जोडी म्हणजे आमच्या बायका, असा याचा पुढचा भाग होता. गिअर मागच्या बंद पेटीत तेलात बुडालेले असतात. तेल चालतं ते फक्त तिथंच. ते तेल पुढे येऊ नये म्हणून मध्ये सील, दांड्याला धरायला बेअरिंग, आणि सगळ्यात शेवटी सायलेन्सर. पण सायलेन्सरपर्यंत कुणी पोचत नसे. मी स्वतः मंडल कार्यालयात, म्हणजे इकडच्या तहसिलीत, नोकरी करतो, जमिनीच्या पहाणीपत्रकाच्या नकलेसाठी लोकांना दिवसभर बसवून ठेवायची मला सवय आहे; पण बसून राहायची नाही. मला सीलच्या आसपास घरचं काहीतरी काम आठवायचं. एकदा विमा विकायला आलेला एक एजंट चुकून त्या घरात शिरला. तो गिअरच्या आधीच चपला हातात घेऊन निघाला, आणि त्या गल्लीतली माणसं अजून विम्यावाचून सुखात आहेत.

या घरात आमच्या सासूबाई राहायला आल्या. तामसीकडच्या खेड्यात त्यांची थोडी जमीन होती. गुडघे गेले तशी ती बटईनं दिली, बैलजोडी विकली, आणि एक पिशवी घेऊन त्या बसनं मावल्याला उतरल्या. जन्म बैलांमागे गेलेला, त्यामुळे बैठकीत बसवलेलं हे जनावर त्यांना पहिल्या दिवसापासून खटकलं. जावई समजावून सांगायला लागला की त्या "चूल पाहतो" म्हणून उठत. गॅस आल्यावरही त्या चूलच पाहायच्या. पण कान उघडे होते. घरातल्या एकेका माणसाला पंपाचा एकेक भाग वाटून दिलेला त्यांनी ऐकला आणि एक दिवस विचारलं, "मंग मी कोन?" साडूंनी पंपाकडे बघत खूप विचार केला आणि प्रामाणिकपणे सांगितलं की अजून जागा सापडली नाही. सासूबाई चूल पाहायला उठल्या.

अशात गावातल्या एका तंत्रनिकेतनाला वर्कशॉप शिकवायला आठवड्यातून दोन दिवस माणूस हवा होता. साडूंचा चेहरा मी लग्नातही इतका उजळलेला पाहिला नव्हता. मानधन काय, किती, याची त्यांनी चौकशीसुद्धा केली नाही. "पोरायची हजेरी लागते तिथं," ते मला म्हणाले. "मधातून उठून जाता येत नाही त्यायले." उभ्या आयुष्यात एकदा तरी कुणीतरी सायलेन्सरपर्यंत ऐकावं, एवढीच त्या माणसाची इच्छा होती. ती इतकी साधी होती की मला तिची थट्टाही करता येईना. पंप त्या वर्कशॉपला भेट द्यायचं त्यांनी कबूल केलं आणि प्राचार्यांनी आधी घरी येऊन पाहायचं ठरवलं. प्राचार्य तेलुगू. साडूंची तेलुगू बाजारातून वांगी आणण्यापुरती. त्यांनी एक वाक्य पाठ केलं, "लोपल नूने लेदु," म्हणजे आत तेल नाही. आंघोळीला, जेवताना, बसस्टँडवर, जिथं भेटतील तिथं त्यांचं "लोपल नूने लेदु" चाललेलं असे. मोंढ्यात एका तेलाच्या दुकानासमोर त्यांनी ते जरा मोठ्यानं म्हटलं, तेव्हा दुकानदार भांडायला खाली उतरला.

प्राचार्य यायचे ते पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी. पोळ्यासाठी साडू आदल्या दिवशीच बायकोला घेऊन आपल्या गावी भावाकडे गेले. पंपावर धुतलेली चादर घातली आणि "मामी, कोनी हात लावाचा नाही," असं सासूबाईंना दोनदा बजावलं. पुढचं आम्हाला मागाहून कळलं. आमच्याकडे पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांची खांदशेकणी असते. वर्षभर जू ओढलेल्या खांद्यांना पळसाच्या पानानं हळद-तूप लावून शेकायचं, आणि बैलाला उद्याच्या जेवणाचं आवतन, म्हणजे आमंत्रण, द्यायचं. दारात बैल नाही अशी सासूबाईंची ही पहिलीच खांदशेकणी. त्या एकट्या बसल्या होत्या आणि समोर चादरीखाली एक गडी बसला होता, ज्यानं वर्षानुवर्षं काम केलं, थांबला नाही, आणि जावयाच्या तोंडून त्यांनी रोज ऐकलं होतं की याच्या आत कधी तेलाचा थेंब गेला नाही.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी साडू पहिल्या बसनं आले, प्राचार्य त्यांच्या पाठोपाठच. नमुन्याचा श्रोता म्हणून मलाही बोलावलं होतं. साडूंनी घसा साफ केला, "लोपल नूने लेदु" म्हटलं आणि चादर ओढली.

मोटरला झेंडूची माळ होती. गाळणीला बेगड लावलेली. कपाळ कुठलं ते न कळल्यामुळे गेरूचे ठिपके सगळीकडे होते. आणि आत, त्या केसाएवढ्या फटींमध्ये, दोन्ही रोटरच्या मानेला आणि भिंतींना, पिवळंधमक हळद-तूप बोटानं दाबून दाबून भरलेलं. ज्या पंपानं जन्मभर हळदीची पाकिटं भरली आणि हळदीचा कण आत येऊ दिला नाही, त्याच्या डोळ्यात-नाकात हळद होती. प्राचार्यांनी दांडा फिरवून पाहिला. हलला नाही. त्यांनी आत बोट घातलं, वास घेतला आणि अदबीनं विचारलं, "इदि नेय्यी कदा?"

तूप आहे ना हे, एवढी तेलुगू आमच्या घरात सगळ्यांना येते. सासूबाई चहाचा ट्रे घेऊन दारात उभ्या होत्या. साडूंनी त्यांच्याकडे पाहिलं. मी साडूंकडे पाहिलं. पंपाच्या बाबतीत या माणसाला खोटं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं.

"मैंनेच लगाया, सर," साडू म्हणाले. "जंग नहीं पकड़ना, इसके वास्ते."

प्राचार्य चांगले गृहस्थ होते. कोरड्या पंपात तूप घालणाऱ्या माणसाकडे मुलं सोपवायची की नाही याचा विचार त्यांनी चहा पिऊन होईपर्यंत तरी चेहऱ्यावर दिसू दिला नाही. जाताना कळवतो म्हणाले. मी सरकारी कचेरीतला माणूस, कळवतो म्हणजे काय ते मला साडूंच्या आधी कळलं.

मी रागावलो होतो, खरं सांगतो. निदान खरं काय ते सांगायचं होतंत, म्हटलं. साडू माळ सोडवत होते. "साडभाऊ," ते म्हणाले, "इतके वर्स हा राबला. याले जेवाले या म्हननारं कोनी भेटलं होतं काय? मामीनं म्हटलं. आता मी त्यायले काय बोलू?"

ते पंप खोलून साफ करायला बसले. सासूबाई शेजारी पाट घेऊन बसल्या आणि चिंध्या हातात देत राहिल्या. हात चालले की साडूंचं तोंडही चालायचं, ते मोटरपासून सुरू झालं. कपलिंग झालं, गाळणी झाली, रोटर, गिअर झाले. चूल पाहायला कुणी उठलं नाही. सीलपाशी आल्यावर साडू थांबले आणि म्हणाले, "मामी, तुमची जागा सापडली. हे तुमी. इकडलं तेल तिकडं जाऊ देत नाही."

सासूबाईंनी सीलची ती काळी कडी उलटीपालटी करून पाहिली. "मी हे असती," त्या म्हणाल्या, "तं तूप आत गेलं असतं काय?"

साडू इतके हसले की त्यांना चष्मा काढून पुसावा लागला. मग त्यांनी बेअरिंग सांगितली, आणि सायलेन्सर सांगितला, आणि सायलेन्सरनंतर काय बोलायचं याची सवयच नसल्यामुळे पुन्हा मोटरपासून सुरू झाले.

त्यानंतर रोज संध्याकाळी ती शिकवणी चालायची. विद्यार्थी एकच, आणि हजेरी पूर्ण. सासूबाई मागच्या उन्हाळ्यात गेल्या. यंदा पोळ्याच्या आदल्या दिवशी मी कचेरीतून परस्पर साडूंकडे गेलो. दार उघडंच होतं. साडू पंपापुढे मांडी घालून बसले होते, शेजारी वाटीत हळद-तूप आणि हातात पळसाचं पान. मागच्या गिअरच्या पेटीवरून ते पान हळूहळू फिरवत ते पुटपुटत होते, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

मला पाहून ओशाळले. "गिअरबॉक्स हाय हा," ते म्हणाले. "इथं तेल चालते."

मग काहीतरी बोलायला हवं म्हणून त्यांनी मोटरपासून सुरुवात केली. मी पायातल्या चपला काढल्या, सासूबाईंचा पाट ओढून घेतला आणि सायलेन्सर येईपर्यंत बसून राहिलो.