उन्हात धरलेलं शीड

म्हैसूरच्या शिवरामपेटेत वेंकोजीराव टेलरांकडे कपडे शिवायला टाकले, की ते ठरल्या दिवशी मिळतील अशी खात्री कुणीच देत नसे. पण उरलेल्या चिंध्या परत मिळतील, ही खात्री सगळी पेठ देत असे. कपड्याच्या घडीवर कागदाची पुडी आणि पुडीत चिंध्या. बोटभर तुकडा उरला तरी तो पुडीत जायचा. 'शिंप्याची कात्री आईच्या चोळीतलाही तुकडा खाते' असं लोक चेष्टेने म्हणतात, आणि वेंकोजीरावांच्या वडलांना ही चेष्टा इतकी झोंबली होती, की त्यांनी दुकानाला हा नेमच घालून दिला. गिऱ्हाईक रस्त्यावर गेलं की पुडी गटारात टाकी, ती गोष्ट वेगळी. तर अशा माणसाने चोरी केली, आणि तीही कशात, तर खेळण्यातल्या नावेच्या शिडात!

खेळण्यातली नाव म्हटलेलं मात्र कुक्करहळ्ळीच्या तळ्यावरच्या मंडळींना खपत नसे. दर रविवारी सकाळी तिथे रेडिओवर चालणाऱ्या शिडांच्या नावांची शर्यत व्हायची. नाव मीटरभर लांब, वर माणसाएवढी डोलकाठी, खाली पोटाला शिशाचा गोळा. इंजिन नाहीच. काठावरचा माणूस हातातल्या पेटीवरून फक्त सुकाणू फिरवी आणि शिडाच्या दोऱ्या ओढी-सोडी. बाकी सगळा भरवसा वाऱ्यावर. पाण्यात केशरी रंगवलेल्या प्लास्टिकच्या घागरी नांगरून ठेवलेल्या, त्यांना वळसा घालून परत यायचं.

या नादाला वेंकोजीरावांना लावलं नरसिंहमूर्तींनी. हे सरस्वतीपुरमचे. बेळगोळच्या एका कारखान्यात तपासणी खात्यात सगळा जन्म गेला, आणि रिटायर झाल्यावरही हातातली पोलादी मापपट्टी काही सुटली नाही. क्लबातल्या सगळ्या नावा मोजायचं काम त्यांचं. एकदा पँटचं माप द्यायला आले, तेव्हा फाटलेलं शीड घेऊन आले.

"वेंकोजीराव, हे स्वल्प, जरासं, शिवून देता का?"

वेंकोजीरावांनी बोटांत धरून पाहिलं. कापड नव्हतंच ते. नकाशे काढायला वापरतात तसली चुरचुरणारी पातळ फिल्म. "मूर्तीसार, ह्याला सुई लावायची की पापडासारखं तळायचं?" ते म्हणाले खरे, पण शीड शिवून दिलं, रविवारी ते पाण्यावर फुगलेलं बघायला गेले, आणि गेले ते गेलेच. वर्षाच्या आत मूर्तींच्या घरामागच्या शेडमध्ये दोघांनी मिळून वेंकोजीरावांची नाव बांधली. लाकडाच्या करंगळीएवढ्या पट्ट्या साच्यावर एकीला एक चिकटवत, घासत, पुन्हा चिकटवत. वेंकोजीरावांच्या पत्नी सुमित्राबाई म्हणायच्या, "आमच्या लग्नात ह्यांनी माझ्याकडे एवढं निरखून बघितलं नव्हतं बा."

शिडं मात्र वेंकोजीरावांनी आपल्या पद्धतीने शिवली. बाकीचे लोक फिल्मची कड तशीच उघडी ठेवत. वेंकोजीरावांना उघडी कड म्हणजे बिनगुंड्यांचा सदरा. त्यांनी मागची कड आत दुमडून टीप मारली, आणि सवयीने आत मायाही ठेवली. शाळकरी पोराच्या पँटीला ठेवतात तशी, पुढे वाढवायला. मूर्ती हसले. "शीड काय उंच होणार आहे का?" मग पट्टी लावून रुंदी मोजली, नियमात बसली, आणि कोपऱ्यात सही केली. एकदा सही झाली की त्या शिडाला सुई-कात्री लावायची नाही, आणि लावलीच तर पुन्हा मोजून घ्यायचं, असा नियम.

नियम तसे पुष्कळ होते. उजव्या अंगाने वारा घेणाऱ्या नावेला डाव्या अंगाने घेणारीने वाट द्यायची. पण वेंकोजीरावांना सगळ्यात आवडायचा तो घागरीचा नियम. नाव घागरीला लागली, तर लागलीच बाजूला होऊन पाण्यात एक पूर्ण गिरकी घ्यायची. कुणी पाहिलं असो वा नसो. पंच शिट्टी मारत नाही. आपणच आपल्याला शिक्षा करायची. हे ऐकल्यावर ते मूर्तींना म्हणाले होते, "म्हणजे आमच्या चिंध्यांच्या पुडीसारखंच की!"

आता गंमत अशी, की वेंकोजीराव दर दसऱ्याच्या शर्यतीत दुसरे यायचे. पहिला यायचा अनंतकृष्ण, कॉलेजात शिकवणारा, हसतमुख. त्याने कधी वेंकोजीरावांना हिणवलं नाही. हिणवलं असतं तर बरं झालं असतं, चोरीला निदान निमित्त तरी मिळालं असतं. निमित्त दुसरंच झालं. विठ्ठलाच्या देवळात भजनानंतर गप्पा चालल्या असताना वेंकोजीराव बोलून गेले, "यंदाचा कप पांडुरंगाच्या पायाशी ठेवतो की नाही बघा." झालं! त्या दिवसापासून जो भेटेल तो विचारायचा, कप कधी? तोंडातून गेलेला शब्द आणि कात्रीने कापलेलं कापड, दोन्ही परत जोडता येत नाहीत, हे शिंप्याला कुणी सांगायला नको होतं.

शर्यत दोन दिवसांवर आली आणि वारा पडला. सरावात वेंकोजीरावांची नाव पाण्यावर म्हशीसारखी बसून राहिली. दुपारी दुकानाचं शटर अर्धं ओढून ते मशीनपाशी बसले. शीड समोर होतं. आणि शिडाच्या आत माया होती.

त्यांनी कडेची टीप उसवली, दुमड सोडली आणि अगदी टोकाशी नवी टीप मारली. अर्ध्या बोटाने शीड रुंद झालं. जुन्या टिपेच्या जागी ओला बोळा फिरवला, नखाने घासलं, कोमट इस्त्री दाखवली; उसवलेल्या कपड्याची खूण घालवायला शिंपी करतो ते सगळं केलं. ट्यूबलाइटखाली धरून पाहिलं. काही दिसेना. 'कापड माझंच,' त्यांनी मनाला सांगितलं, 'आत होतं ते बाहेर काढलं, नवीन तर काही जोडलं नाही.' मन हे असलं गिऱ्हाईक आहे की द्याल ते माप मुकाट घेतं.

दसऱ्याच्या शर्यतीत कुणी पुन्हा मोजमाप करा म्हटलं असतं तर? पण इतरांची शिडं तपासून मूर्ती वेंकोजीरावांच्या नावेपाशी आले आणि नुसती सही बघून पुढे गेले. "यांचं काय बघायचं?" असं म्हणालेही. वेंकोजीरावांच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

शर्यत सुरू झाली आणि दुसऱ्या घागरीला त्यांची नाव हलकेच घासली. काठावरून कुणालाच दिसलं नव्हतं. वेंकोजीराव मोठ्याने ओरडले, "लागली, लागली माझी!" आणि भर शर्यतीत नाव बाजूला घेऊन त्यांनी गिरकी मारली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. अर्ध्या बोटाची चोरी डोलकाठीवर फडकत होती, आणि हा सद्गृहस्थ घागरीला लागल्याची शिक्षा भोगत होता! तेवढं करूनही त्या वाढीव शिडाने उरलेला झुळझुळ वारा गोळा केला आणि अनंतकृष्णाच्या नावेला शेवटच्या टप्प्यात मागे टाकलं.

कप पांडुरंगाच्या पायाशी गेला. सगळे हात जोडून वर बघत होते, वेंकोजीराव कपाकडे बघत होते. वर बघायची त्यांना लाज वाटली.

पुढच्या महिन्यात बेंगळूरला मोठी शर्यत होती. तिथला मापं घेणारा माणूस तळ्यावर आला आणि निवडलेल्या नावा एका टेबलावर पांढरी चादर घालून मोजू लागला. वेंकोजीरावांच्या शिडापाशी थांबला. पुन्हा मोजलं. मग म्हणाला, "हे रुंद आहे. सही कुणाची?"

मूर्ती पुढे झाले. त्यांनी शीड उचललं आणि सकाळच्या उन्हात आडवं धरलं. लागतो त्याहून थोडा जास्त वेळ ते बघत राहिले. मग शिडाची घडी घातली.

"सही माझी. चूकपण माझीच," ते म्हणाले. "डोळे गेले आता. चुकीचं मोजलं मी. वेंकोजीरावांचं काही नाही यात."

बोलायची वेळ होती ती तीच. वेंकोजीरावांनी ती दवडली. आपल्यापेक्षा वयाने मोठा माणूस चारचौघांत मान खाली घालून उभा होता, आणि ज्याची मान खाली जायची तो ताठ उभा राहून बघत होता. मूर्तींनी तिथल्या तिथे मोजायचं काम सोडलं. कप अनंतकृष्णाकडे गेला. त्याने वेंकोजीरावांच्याच खांद्यावर हात ठेवला, "तुम्ही मनाला लावून घेऊ नका." वेंकोजीरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुकानात येऊन त्यांनी त्या शिडाचे कात्रीने इतके बारीक तुकडे केले, की पुडीतही बांधता येऊ नयेत.

मूर्ती तळ्यावर यायचे थांबले. त्यांची एक पँट कमरेत आवळायला दुकानात पडून होती. ती घेऊन अखेर वेंकोजीराव सरस्वतीपुरमला गेले. दार मूर्तींच्या बायकोने, अंबुजाबाईंनी उघडलं. "बरं झालं आलात. डोळे गेले, डोळे गेले करून बसलेत नुसते. डॉक्टरला दाखवलं हो, तो म्हणतो डोळ्यांना काहीसुद्धा झालं नाही."

मूर्ती खुर्चीत पेपर वाचत होते. अंबुजाबाई कॉफी करायला आत गेल्या. वेंकोजीराव उभ्यानेच म्हणाले, "मूर्तीसार, ते शीड..."

"कापडावर पाणी मारलं की सुईची भोकं मिटतात, अल्वा, नाही का?" मूर्ती पेपर खाली न ठेवता म्हणाले. "फिल्मवर नाही मिटत. उन्हात धरलं की सगळी रांग दिसते."

"मग तेव्हा बोलला का नाहीत?"

मूर्तींनी पेपर ठेवला. पँटच्या घडीवर चिंध्यांची पुडी होती, तिला बोट लावलं. "मोजणारा चुकला म्हटलं, तर काय होतंय? म्हातारा झाला म्हणतात. शिंप्याने चोरलं म्हटलं असतं, तर ह्या पुडीचं काय झालं असतं?"

वेंकोजीरावांना रडूच आलं. "मी सांगतो, सार. येत्या रविवारी सगळ्यांसमोर सांगतो."

"सांगा, नाहीतर सोडा. पण गिरकी लागलीच घ्यायची असते, वेंकोजीराव. उशिरा घेतलेली मोजत नाहीत."

कॉफी आली. वेंकोजीरावांनी ती कशी प्यायली त्यांचं त्यांना ठाऊक.

रविवारी त्यांनी खरंच सांगितलं. तळ्याच्या काठावर, सगळ्यांसमोर, माया कशी सोडली, टीप कुठे मारली, सगळं. मग अनंतकृष्ण म्हणाला, "ते शीड आणा ना, बघू."

"कापून टाकलं मी."

मंडळींनी एकमेकांकडे पाहिलं आणि सगळी हसली. चेष्टेने नव्हे, कौतुकाने! "अय्यो सार, सोडा ते. कळलं आम्हाला," अनंतकृष्ण म्हणाला. "मूर्तीसारांचं नाव राखायला आळ स्वतःवर घेताय. घागरीला लागलेलं कुणी बघितलं नव्हतं तेव्हाही तुम्ही गिरकी घेतलीत. चिंध्या परत देणारा माणूस शीड चोरतो होय?" वेंकोजीराव शपथा घेऊ लागले. जितक्या शपथा घेतल्या तितका त्यांचा मोठेपणा वाढत गेला. चोरी केली तेव्हा लोकांनी विश्वास ठेवला, आणि आता खरं बोलले तर कुणी ठेवेना. शेवटी एका सुरात ठरलं, की एवढा सरळ माणूस क्लबात दुसरा नाही. मूर्तींच्या जागी मोजायचं काम वेंकोजीरावांनीच करायचं.

ते नको नको म्हणत राहिले. पण पुढच्या रविवारी अनंतकृष्ण मूर्तींच्या घरून त्यांची पोलादी मापपट्टी घेऊन आला. "त्यांनी स्वतः दिलीये. 'घ्या म्हणावं, आता त्यांनाच कळेल कुठे बघायचं' असं म्हणाले." बाकीच्यांना तो आशीर्वाद वाटला. वेंकोजीरावांनी मुकाट्याने पट्टी घेतली.

याला आता बरीच वर्षं झाली. मोजणाऱ्याने आपलं शीड आपण मोजू नये, असाही एक नियम आहे. दुसऱ्या कुणाकडून मोजून घेता येतं, आणि अनंतकृष्ण अधूनमधून विचारतोही. पण वेंकोजीरावांनी नवीन शीड शिवलेलंच नाही. नाव मशीनच्या वर टांगलेली आहे, नुसत्या डोलकाठीची. विठ्ठलाच्या देवळात ते भजनाला बसतात ते खांबाआड.

रविवारी मात्र ते तळ्यावर असतात. प्रत्येक शीड टेबलावर पसरून मोजतात, आणि मोजून झालं की सही करण्याआधी उचलून उन्हात आडवं धरतात. केवढा काटेकोर माणूस, असं नवीन लोक म्हणतात. वेंकोजीराव कडेकडेने सगळी फिल्म बघत जातात, खालून वरपर्यंत, आणि मग सही करतात. इतक्या वर्षांत कुणाच्याही शिडात तसली भोकं निघालेली नाहीत.