अक्कांनी खोडलेली ओळ

अक्कांइतकी भित्री बाई मी उभ्या सोलापुरात पाहिली नाही. गॅस बंद केला की नाही हे बघायला त्या कोपऱ्यावरून माघारी यायच्या. गल्लीत झोपलेलं कुत्रं दिसलं तरी रस्ता बदलायच्या. आपण एसटीत बसलो की उतरेपर्यंत त्यांचे फोन, "पोचलीस का? मग अजून का न्हाय पोचलीस?" आणि याच बाईंनी धीर देणारी पुस्तकं लिहिली होती! करमाळ्यापासून मैंदर्गीपर्यंत बायका ती उशाशी ठेवून झोपायच्या. मी चिडवायचे, "अक्का, तुमची पुस्तकं कधी तुम्हीपण वाचा की." त्या म्हणायच्या, "ज्याला थंडी वाजती तोच शेकोटी पेटवतो. गप बस."

आमची चर्चची मंडळी लहान. लोक आम्हाला मॉर्मन म्हणतात. आम्ही येशूला मानतो आणि चहा-कॉफीला शिवत नाही. आता भवानी पेठेत कुणाच्या घरी जाऊन चहाला नको म्हणणं म्हणजे भांडण उकरून काढणंच. पण अक्का आमच्यातल्या बायकांच्या प्रमुख, आणि आमच्याकडे प्रमुखबाईचं काम भाषणापेक्षा लोकांच्या घरी जाण्याचं जास्त. "चहा नगं, लिंबू असलं तर पिळ, न्हायतर पाणी दे," असं म्हणत त्या थेट स्वयंपाकघरात जाऊन बसायच्या. बाहेरच्या खोलीत बाया खोटं बोलतात, खरं काय ते ओट्यापाशी, असं त्यांचं म्हणणं होतं. माझ्याकडेही त्या तशाच यायच्या.

मला तेव्हा दिवस होते, आणि डॉक्टरांनी बाळाची वाढ कमी आहे म्हणून सांगितलेलं. जीव नुसता टांगणीला. अक्कांच्या एका पुस्तकात एक ओळ होती: 'पुरा विश्वास ठेवला, तर देव आपलं काही हिरावून घेत नाही.' ती मी भांडी घासताना, कपडे वाळत घालताना घोळवत राहायचे. मनात शंका आली की स्वतःवरच डाफरायचे. शंकेनंच बाळाला काही झालं तर, ही आणखी एक भीती.

सातव्या महिन्यात बाळ गेलं. अक्का दवाखान्यात आल्या आणि पायाशी बसल्या. मी विचारलं, "अक्का, माझा विश्वास किती कमी पडला?" त्यांचं तोंड पांढरंफटक झालं. त्या माझे पाय चेपू लागल्या. मग म्हणाल्या, "तुजं काय चुकलं न्हाय, पोरी. मी चुकीचं लिवलंय."

मला वाटलं, समजूत घालायला म्हणतायत. पण नाही. त्यांनी पिशवीत काळं पेन आणि पट्टी टाकली आणि घरोघर निघाल्या. पुस्तक मागायच्या, पान काढायच्या, पट्टी लावून ती ओळ खोडायच्या आणि कडेला सही करायच्या. बायका हसायच्या, "अक्का, छापलेलं कुणी खोडतं व्हय?" मंडळीतल्या पुरुषांनी सुचवलं की पुढच्या आवृत्तीत बदलून टाका, कशाला उन्हातान्हात फिरताय. अक्का म्हणाल्या, "तवर कोण वाचंल, तिचं काय?" एवढी भित्री बाई, पण पार करमाळ्यापर्यंत एकटी जाऊन आली. आल्यावर दोन दिवस ताप.

मैंदर्गीला मात्र मी सोबत गेले. तिथं गौरव्वा नावाच्या बाईकडे एक प्रत होती. ती आमच्या पंथाची नव्हे; पुस्तक तिला एका पाहुणीनं दिलेलं. तिच्या एकुलत्या एका मुलाच्या किडन्या गेलेल्या, डायलिसिस चाललेलं. अक्कांनी पेन काढलं तसं गौरव्वानं पुस्तक छातीशी धरलं. "ब्याड, अक्का," ती कानडीत नको म्हणाली. "खोडू नगा. ह्या ओळीवर माजं पोरगं उठून बसलंय." मुलगा खरंच कॉटवर बसून भाकरी खात होता. अक्कांनी पेनाचं टोपण लावलं, उघडलं, पुन्हा लावलं. ओळ तशीच ठेवून आम्ही परतलो.

येताना एसटीत त्या म्हणाल्या, "चालत्या माणसाची काठी कशी काढून घेऊ? पण ती मोडली तर?" तेव्हापासून मोबाइल वाजला की दचकायच्या. जेवताना मध्येच म्हणायच्या, "गौरव्वाला फोन लाव की." मी लावायचे, मुलगा बरा आहे असं कळायचं, अक्का घास उचलायच्या. मला दया यायची आणि खरं सांगायचं तर वैतागही यायचा.

दिवाळीनंतर मुलगा गेला. आम्ही मैंदर्गीला निघालो. "शिव्या देईल मला. देऊ दे," एवढंच अक्का वाटेत बोलल्या, आणि माझा पदर लहान पोरासारखा मुठीत धरून बसल्या.

गौरव्वानं शिव्या दिल्या नाहीत. भिंतीला टेकून बसली होती ती. अक्कांकडे बघून म्हणाली, "अक्का, माजा विश्वास कुटं कमी पडला?"

तासभर न थांबता बोलणारी बाई दारातच उभी. मला काय सुचलं कोण जाणे, मी गौरव्वाच्या शेजारी जाऊन बसले. म्हटलं, "मावशी, कमी नाही पडला. माझंपण बाळ गेलं. मीपण हेच विचारत होते."

"तुजंबी?"

"माझंपण."

तिनं माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं आणि मग ती रडली. मीही रडले. दवाखान्यात रडले नव्हते तेवढी त्या दिवशी रडले. अक्का हळूच आत आल्या आणि आमच्या दोघींच्या पायाशी बसून राहिल्या.

यंदाच्या उन्हाळ्यात अक्का गेल्या. शेवटच्या आजारात मी रोज जायचे, आणि सगळं नीट होईल असं त्यांनीही कधी म्हटलं नाही, मीही नाही. फार भीती वाटायची त्यांना. मी हात धरून बसायचे. दुसरं काय करणार?

मैंदर्गीला मी अजून जाते. पुस्तकाच्या नव्या आवृत्तीत ती ओळ नाही. गौरव्वाकडच्या प्रतीत मात्र ती जशीच्या तशी आहे. परवा मी भीतभीतच म्हटलं, मावशी, आता खोडू का? तिनं त्या पानावरून हात फिरवला. "ऱ्हाऊ दे," म्हणाली, "पोरगं होतं तवाची हाय ती."