उतरण्याआधीची पुटपुट

"थांबा सर, मले मोजू द्या," असं म्हणून ती ओठ हलवायला लागायची. लांबून बघणाऱ्याला वाटावं, पोरगी देवाचं नाव घेते आहे.

चंद्रपूरजवळच्या धावपट्टीवर मी विमान चालवायला शिकवतो. ती माझी विद्यार्थिनी. विमान उतरवायचं तर कितीतरी मैल आधीपासून खाली यावं लागतं. किती आधी? जितके हजार फूट उतरायचं, त्याच्या तिप्पट मैल. बाकीची मुलं विमानातल्या पडद्यावरचा आकडा बघायची, ही पाढा म्हणायची. "चार त्रिक बारा." मग वेग. "शंभरचे निम्मे पन्नास, पुढं एक शून्य. मिनिटाले पाचशे फूट." मुलं हसली की म्हणायची, "हसा लेकहो. विमान काई सायकल नाई, ब्रेक दाबला का थांबली."

लायसन्सची परीक्षा आली. पुन्हा बसणं तिच्या घराला झेपणारं नव्हतं. आदल्या दिवशी मी बजावलं, "परीक्षकांसमोर पुटपुटू नकोस. घाबरलीस असं वाटेल." भल्यासाठीच सांगितलं. अजून टोचतं.

परीक्षक तिच्या शेजारी, मी मागच्या सीटवर. चार हजार फूट उतरायचं होतं. परीक्षकांनी पडदा बंद केला. खाली वर्धा नदीचं वळण जवळ येत होतं. तिथून धावपट्टी बारा मैल. ती ओठ घट्ट मिटून बसलेली. माझाच सल्ला पाळत होती. हाक मारावीशी वाटली, पण परीक्षेत तेवढंही चालत नाही.

"सर," ती परीक्षकांना म्हणाली, "मले तोंडानं बोलल्याबिगर हिशेब येत नाई. बोलू का?"

"बोला ना."

"चार त्रिक बारा. पण वीज केंद्राचा धूर पुढं झुकून राह्यला, म्हणजे वारा पाठीशी. चौदा धरू. वेग एकशेवीस, निम्मे साठ. मिनिटाले सहाशे."

वळणाच्या आधीच तिनं विमानाचं नाक खाली केलं. धावपट्टीजवळ हव्या त्या उंचीवर आलो, तेव्हा माझ्या मुठी आपोआप सुटल्या.

"काय मंत्र म्हणत होती हो?" विमान थांबल्यावर परीक्षकांनी मला गमतीनं विचारलं.

"तिनाचा पाढा, सर," पट्टा सोडता सोडता तीच म्हणाली. ते मोठ्यानं हसले आणि पास म्हणाले. माझ्याकडे वळून ती हळूच म्हणाली, "तुमचं ऐकलं असतं तं धावपट्टीले वरूनच टाटा केला असता, सर." इतक्या अभिमानानं मी कुणाचा टोमणा कधी ऐकला नव्हता.

आता ती हैदराबाद-नागपूरच्या मोठ्या विमानात असते. मागच्या हिवाळ्यात जिवतीला तिच्या वडिलांकडे गेलो होतो. कापसाच्या शेतात बोलत उभे होतो, तेवढ्यात खूप उंचावरून एक विमान उत्तरेकडे निघालं. त्याचा आवाज मधेच मऊ झाला.

वडिलांनी वेचणी थांबवून कपाळावर हात धरला.

"ऐकलं का सर? इंजन हळू केलं. तीस हजार फुटावर असंल, तीस त्रिक नव्वद. नागपूर इथून नव्वद मैल."

त्या विमानात तीच होती का, हे मी विचारलं नाही.

"उतराले लागली पोरगी," ते म्हणाले.