पहिला येऊन दुसरा

गोरक्ष पाटोळे खाजाभाईवर जळायचा. आडवळणाने सांगण्यात अर्थ नाही. होड्यांच्या क्लबात सगळ्यांना ते ठाऊक होतं, आणि त्याच्या बायकोला, सुवर्णाला, तर जरा जास्तच.

ओझरच्या विमान कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झालेला हा माणूस. नोकरीत असतानाच सुट्टीच्या दिवशी अंगणात खपून त्याने प्लायवूडची शिडाची होडी बांधली होती. हलकी, सडपातळ, वारा नुसता शिवला तरी निघणारी. गंगापूर धरणाच्या पाण्यावर तिच्या तोडीची दुसरी होडी नव्हती. आणि तरी क्लबाच्या वार्षिक करंडकावर त्याचं नाव एकदाही कोरलं गेलं नव्हतं. तिथे होतं खाजाभाईचं, एकाखाली एक, दर वर्षीचं.

खाजाभाईचं शहरात ताडपत्र्या शिवायचं दुकान. त्याची होडी जुनी, फायबरची, म्हशीसारखी जड. पण शर्यत असायची हँडिकॅपची. होडी जितकी संथ, तितकी तिला वेळेत सूट. सगळे पोचले की क्लबाची सेक्रेटरी योगिनी ही सूट धरून हिशेब करायची आणि निकाल सांगायची. त्याशिवाय भागणारही नव्हतं. क्लबातली एक होडी दुसरीसारखी नव्हती. सूट नसती तर गोरक्ष दर वेळी एकटाच पुढे निघून गेला असता आणि बाकीच्यांनी शर्यतीला येणंच सोडलं असतं. हे त्याला कळायचं, पण पटायचं मात्र नाही.

कारण जीव टांगणीला लागायचा तो त्याचा. पहिला पोचायचा तो, आणि मग काठावर उभा राहून मागच्यांकडे बघत बसायचा. वारा पडला की मनातून हरखायचा. पण दुपार कलली की डोंगराकडून वारा उठायचा आणि नेमका खाजाभाईच्या शिडात भरायचा. "माझ्या टायमाला कुठं मेला होता हा?" गोरक्ष दात-ओठ खायचा. खाजाभाई आरामात काठाला लागायचा, थर्मास उघडायचा आणि पहिला चहा गोरक्षलाच द्यायचा. तो चहा गोरक्षच्या घशाखाली उतरत नसे, आणि नको म्हणायची सोय नसे.

"तो नाय जिंकत, त्याची सूट जिंकते," घरी आला की त्याचं सुरू व्हायचं. "ती होडी मला द्या, मग दाखवतो."

"मग मागा की," सुवर्णा एकदा वैतागून म्हणाली. "माझं डोकं कशाला खाता?"

ती सहज बोलून गेली, पण गोरक्षच्या मनात ते रुतलं. हलकी होडी वाऱ्यात सरळ ठेवायची तर अंग बाहेर, पाण्यावर झोकून द्यावं लागतं, आणि त्याचे गुडघे आता कुरकुरू लागले होते. फार तर हा हंगाम निघाला असता. त्याआधी करंडकावर नाव हवंच होतं.

करंडकाच्या शर्यतीआधी त्याने खाजाभाईला गाठलं. "खाजाभाई, गुडघा लय त्रास देतोय. या वेळी होड्यांची अदलाबदल करायची का? तुमची मला बसून चालवता येईल."

खाजाभाईने हातातला चहा तसाच खाली ठेवला. "चालेल की. पण गोरक्षभाऊ, बोललात ते बोललात. नंतर माघार नाही."

तो इतक्या झटकन हो म्हणाला, हेच गोरक्षला डाचलं. आपणच फसलो की काय, असं त्याला शर्यतीच्या दिवसापर्यंत वाटत राहिलं.

शर्यत सुटली आणि त्याचीच होडी त्याच्यापुढून सुळकन निघून गेली. तिला अशी मागून त्याने कधी पाहिलीच नव्हती. खाजाभाई पाण्यावर अंग झोकून बसला होता, उलटता उलटता वाचत होता आणि पोरासारखा हसत होता. गोरक्ष जड होडी रेटत राहिला. मग दुपार कलली, वारा उठला, आणि या वेळी तो त्याच्या शिडात भरला.

तो काठाला लागला तेव्हा खाजाभाई कमरेभर पाण्यात येऊन त्याची होडी धरायला उभा होता. इतक्या वर्षांत गोरक्ष त्याच्यासाठी पाण्यात कधी उतरला नव्हता.

योगिनीने हिशेब करून निकाल सांगितला. करंडक गोरक्षचा. टाळ्या वाजल्या, त्याच्या हातात करंडक आला, आणि त्याची नजर खाजाभाईकडे गेली. खाजाभाई नखशिखांत भिजलेला, पण तोंडावरचं हसू हटत नव्हतं.

"एक सांगू, गोरक्षभाऊ? एवढे कप घेतले, पण पुढे कोणीच नाही, नुसतं मोकळं पाणी, असं कधी बघायला मिळालं नव्हतं. नेहमी तुमचं शीड समोर. लय जळायचो मी तुमच्यावर."

"माझ्यावर?"

"मग काय? तुम्हाला दर वेळी असंच वाटायचं ना?"

गोरक्षने पाण्याकडे पाहिलं. ते मोकळं पाणी दर वर्षी त्याच्याच पुढे होतं. तो त्या वेळी मान वळवून मागे बघत असायचा, खाजाभाई कुठवर आला ते.

"वारा आहे अजून," खाजाभाई म्हणाला. "एक चक्कर मारून येऊ?"

हो-नाही म्हणायच्या आत त्याने गोरक्षची होडी पाण्यात लोटलीसुद्धा. शीड फुगलं, होडी कलली आणि निघाली. गोरक्ष करंडक काखेत धरून काठावर उभा राहिला. खाजाभाईचा इतका हेवा त्याला आजवर कधीच वाटला नव्हता.